वाचकांचे प्रश्न : घर ओहायोत, करार न्यू जर्सीत

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच धंद्याविषयी आहेत. दुसऱ्या राज्यातील घर स्वतः विकत न घेता, त्या घराच्या मालकाशी केलेला खरेदीचा करारच तिसऱ्या माणसाला विकायचा आणि मधला फरक फी म्हणून घ्यायचा, या धंद्याला अमेरिकेत होलसेलिंग म्हणतात. चारही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सी येथे राहतो. एका सेमिनारमध्ये आम्हांला दोन पानांचा तयार खरेदी-करार देण्यात आला. त्यात खरेदीदाराच्या नावापुढे ‘अँड/ऑर असाइन्स’ (म्हणजे तो स्वतः आणि/किंवा तो आपला हक्क ज्याला देईल ती व्यक्ती) असे छापलेले आहे, राज्याच्या नावासाठी रिकामी जागा आहे, आणि हा करार पन्नासही राज्यांत चालतो असे सांगण्यात आले. क्लीव्हलँड परिसरातील जुन्या घरांच्या मालकांना फोन करावा, साधारण 62 हजार डॉलरला करार करावा आणि तो तिथल्या एखाद्या गुंतवणूकदाराला 70 हजारांच्या हिशेबाने द्यावा, असा विचार आहे. पुढे पेनसिल्व्हेनिया आणि ओक्लाहोमा येथेही हेच करायचे आहे. घरबसल्या हे जमेल का, आणि हा करार पुरेसा आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. करार दुसऱ्याच्या नावे करून देता येतो का, हा पहिला आणि सोपा. त्या राज्यात तो करार क्लोजिंगपर्यंत, म्हणजे पैसे देऊन मालकी हस्तांतरित होईपर्यंत, टिकेल का, हा दुसरा, आणि सेमिनारमध्ये त्याला कोणी हात लावलेला दिसत नाही.

पहिल्याचे उत्तर बहुतांशी तुमच्या बाजूने आहे. करारातच मनाई केलेली नसेल, तर खरेदीदाराला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो, ही अमेरिकेतील करारविषयक कायद्याची जुनी आणि सर्वसाधारण भूमिका आहे. त्यामुळे ‘अँड/ऑर असाइन्स’ या शब्दांनी तुम्हांला नवे काही मिळत नाही. तुमचा तसा इरादा आहे हे मालकाला कागदावर दिसते, इतकाच त्यांचा उपयोग, आणि तोही मालकाने ते शब्द वाचले व त्याला ते समजले तर. मात्र हक्क देऊन टाकला म्हणून जबाबदारी अंगावरून उतरत नाही. तुमच्या गुंतवणूकदाराने ठरल्या दिवशी पैसे आणले नाहीत, तर मालक तुम्हांलाच जबाबदार धरील, कारण त्याने सही तुमच्याशी केलेल्या करारावर केली होती. या बाबतीत फ्लोरिडातील रिअल्टर (घरांच्या दलालांची) संघटना आणि तिथला वकील संघ यांनी मिळून तयार केलेला करारनमुना मला फार समंजस वाटतो. त्यात खरेदीदारासाठी तीन पर्याय छापलेले असतात : करार दुसऱ्याला देता येईल आणि दिल्यावर जबाबदारी सुटेल, देता येईल, पण जबाबदारी सुटणार नाही, किंवा देताच येणार नाही. यांपैकी एकावर खूण करावी लागते, आणि ती करताना मालकाला आपण काय कबूल करत आहोत हे विचारण्याची संधी मिळते. तुमच्या दोन पानांत असे काही आहे का, ते पाहा. बहुधा नसेल.

आता दुसरा प्रश्न. स्थावर मालमत्तेच्या बाबतीत ती मालमत्ता जिथे आहे तिथला कायदा चालतो, आणि करारात ‘न्यू जर्सीचा कायदा लागू राहील’ असे वाक्य घातले तरी मालकी, पती-पत्नीचे हक्क, विक्रीखताचे स्वरूप आणि नोंदणी या गोष्टी ओहायोच्या कायद्यानेच ठरतात. ओहायोपुरते सांगायचे तर तिथे डावर नावाचा जुना हक्क अजून अस्तित्वात आहे. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असले, तरी लग्नाच्या काळात ते त्याच्या मालकीचे होते एवढ्यावरून बायकोला त्या घराच्या एक-तृतीयांश हिश्श्यात हयातीपुरता हितसंबंध मिळतो; बायकोचे घर असेल तर नवऱ्यालाही तसाच. तो सोडून दिल्याची सही तिने केल्याशिवाय टायटल कंपनी, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासून व्यवहार पूर्ण करून देणारी कंपनी, मालकी निर्वेध मानत नाही. तुमच्या छापील करारात ‘विक्रेता’ अशी एकच ओळ असणार. तुम्ही फोनवर नवऱ्याशी बोलणार, तो सही करणार, तुम्ही तो करार 70 हजारांच्या हिशेबाने पुढे देणार, आणि क्लोजिंगच्या आठवड्यात टायटल कंपनी विचारणार की हे गृहस्थ विवाहित आहेत का. पत्नी वेगळी राहत असेल, घटस्फोटाचा दावा चालू असेल, किंवा तिला हा भावच मान्य नसेल, तर तिथे सगळे थांबते, आणि गुंतवणूकदाराने ठेवलेले पैसे परत करण्याची वेळ तुमच्यावर येते. शेजारच्या मिशिगनने हाच हक्क 2017 मध्ये रद्द केला. म्हणजे ओहायोच्या सीमेजवळील टोलीडोतल्या घराला लागणारी सही राज्याची सीमा ओलांडून पलीकडे गेले की लागत नाही. तुमच्या नमुन्यात मात्र दोन्हीकडे तीच एक ओळ आहे. टेक्सासमध्ये कुटुंब राहत असलेले घर विकताना, ते कोणाच्याही नावावर असले तरी, पती-पत्नी दोघांची संमती लागते. लुईझियानाची तर कायद्याची परंपराच फ्रेंच आणि स्पॅनिश वळणाची आहे, आणि इतर राज्यांतले शब्द तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

क्लीव्हलँडच्या जुन्या घरांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी आहेत, आणि त्या फोनवर कळत नाहीत. शेकर हाइट्स, क्लीव्हलँड हाइट्स यांसारख्या काही उपनगरांत घर विकण्याआधी नगरपालिकेची तपासणी करून घ्यावी लागते आणि निघालेल्या त्रुटी दुरुस्त कराव्या लागतात, किंवा त्यांच्यासाठीची रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे तटस्थ तिसऱ्या पक्षाकडे, ठेवावी लागते. करारात ‘घर आहे त्या स्थितीत’ असे लिहिले, तरी त्याने मालक आणि खरेदीदार बांधले जातात, नगरपालिका बांधली जात नाही. तो खर्च कोणी करायचा, याबद्दल तुमचा नमुना काही बोलत नसेल, तर ती रक्कम तुमच्या आठ हजारांतून मागितली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, कारण व्यवहार व्हावा म्हणून सर्वांत घाईवर आलेले तुम्हीच असता. ओहायोत मालमत्ता कर मागाहून भरला जातो, त्यामुळे विक्रीच्या दिवशी उलटून गेलेल्या काळाचा कर थकीत नसूनही देणे असतो. त्याची वाटणी कशी करायची, हेही करारात लिहावे लागते. थकलेल्या पाणीपट्टीचेही तसेच.

शिसे हा आणखी एक मुद्दा आहे. 1978 पूर्वी बांधलेल्या घरांसाठी 1992 च्या केंद्रीय कायद्याने विक्रेत्यावर असे बंधन घातले आहे की, रंगातील शिशाविषयी आपल्याला जे माहीत आहे ते त्याने खरेदीदाराला लेखी सांगावे, ठरलेली माहितीपुस्तिका द्यावी आणि खरेदीदाराला तपासणीसाठी दहा दिवस द्यावेत, किंवा खरेदीदाराने ती संधी लेखी सोडून द्यावी. हे खरेदीदार करारात बांधला जाण्याआधी व्हायला हवे. क्लीव्हलँडमध्ये तुम्हांला ज्या भावाची घरे हवी आहेत ती जवळपास सगळी 1978 च्या कितीतरी आधीची असतील. शिवाय क्लीव्हलँड शहराने 2019 मध्ये ठराव करून अशी जुनी घरे भाड्याने देण्यासाठी शिशापासून सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले आहे. तुमचा गुंतवणूकदार घर भाड्याने द्यायलाच घेत असेल, तर तो त्या खर्चाचा हिशेब आधी करील आणि मगच तुमच्या 70 हजारांकडे पाहील. एडिसनमध्ये बसून काढलेल्या भावात हा खर्च सहसा धरलेला नसतो.

परवान्याच्या मुद्द्यावर सेमिनारवाले काय म्हणाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. होलसेलिंगचा सगळा डोलारा एका भेदावर उभा आहे : स्वतःच्या करारातील हक्क विकणे याला दलालीचा परवाना लागत नाही, दुसऱ्याचे घर मोबदला घेऊन विकणे याला लागतो. कागदावर हा भेद स्पष्ट दिसतो. पण घराच्या दर्शनी भागाचे छायाचित्र, खोल्यांची संख्या आणि किंमत टाकून जाहिरात केली की वाचणाऱ्याला तुम्ही घर विकत आहात असेच वाटते, आणि परवाना देणाऱ्या खात्यालाही तसेच वाटू शकते. टेक्सासने 2017 मध्ये हे कायद्यातच लिहून टाकले : आपण मालक नसून केवळ करारातील हितसंबंध विकत आहोत, हे संभाव्य खरेदीदाराला सांगणाऱ्याला परवाना लागत नाही, आणि न सांगणारा दलालीचा व्यवसाय करतो असे मानले जाते. इलिनॉयने 2019 मध्ये बारा महिन्यांत दोन किंवा अधिक असे व्यवहार करणाऱ्याला परवान्याच्या कक्षेत आणले. तुमच्या यादीतील ओक्लाहोमात नोव्हेंबर 2021 पासून, मालकाशी केलेल्या करारातील हितसंबंधाची जाहीर विक्री करण्यास परवाना लागतो, आणि त्या कायद्याच्या नावातच अशा होलसेलरला भक्षक म्हटले आहे, यावरून विधिमंडळाचा रोख लक्षात यावा. पेनसिल्व्हेनियाने 2024 मध्ये कायदा केला आणि तो जानेवारी 2025 पासून लागू आहे. तिथेही निवासी घरांच्या होलसेलिंगला परवाना हवा, आणि मालकाला करार रद्द करण्याचा हक्क आहे, त्याविषयी पुढच्या एका उत्तरात सविस्तर आले आहे. म्हणजे तुमच्या तीन राज्यांपैकी दोन तुम्ही विनापरवाना आहात तोवर बाजूलाच ठेवा. ओहायोतही पहिली जाहिरात देण्याआधी तिथल्या वकिलाला ती दाखवा. गेल्या काही वर्षांत एकामागून एक राज्ये हे नियम कडक करत आहेत, आणि सेमिनारचा नमुना कोणत्या वर्षी छापला हे त्या नमुन्यावर लिहिलेले नसते.

विषय ओहायोचा असला, तरी तयार नमुन्याची मर्यादा किती टोकाला जाऊ शकते याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. कॅलिफोर्नियात कर्ज थकल्याची नोटीस नोंदवलेल्या, म्हणजे जप्तीच्या वाटेवर असलेल्या राहत्या घराचा मालकाकडून गुंतवणुकीसाठी करार करायचा असेल, तर 1979 च्या एका कायद्याप्रमाणे अक्षरांचा आकार, रद्द करण्याची सूचना आणि पाच कामाच्या दिवसांची मुदत इथपर्यंत सगळे ठरलेले आहे, आणि मुख्य बोलणी ज्या भाषेत झाली त्याच भाषेत करार असावा, अशीही अट आहे. फ्रीमाँटमधल्या एखाद्या अडचणीतील मराठी माणसाशी मराठीत बोलून घर ठरवले, तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे करारही मराठीत लिहावा लागेल. दोन पानी नमुना तिथे रद्दीच्या भावाचा.

तुमच्या नमुन्यात विसार म्हणून दहा डॉलर आणि ‘भागीदाराच्या पसंतीच्या अधीन’ अशी अट असेल, तर ती दोन्ही काढून टाका. ज्या करारातून एक पक्ष मनात येईल तेव्हा काहीही न गमावता बाहेर पडू शकतो, तो करार मुळात बंधनकारक आहे का, अशी शंका मालकाचा वकील काढू शकतो. आणि ती मान्य झाली, तर तुमच्याकडे विकायला हक्कच उरत नाही. टायटल कंपनीकडे ठेवलेली पाचशे-हजार डॉलरची खरी रक्कम, ठरावीक दिवसांचा इन्स्पेक्शन पिरियड (घर तपासण्याची मुदत) आणि त्या मुदतीत लेखी कळवून बाहेर पडण्याची सोय, एवढे असले की करार दोन्ही बाजूंनी धरून उभा राहतो. मालकाला ‘हे घर मी स्वतः घेणार नसून बहुधा दुसऱ्याला देणार आहे, आणि त्यात मला फी मिळेल’ हे सहीआधी एका परिच्छेदात साध्या भाषेत लिहून द्या. असाइनमेंट फी, म्हणजे करार दुसऱ्याच्या नावे करून देण्याबद्दलची तुमची रक्कम, क्लोजिंगच्या हिशेबपत्रकावर बहुधा येतेच. क्लोजिंगच्या टेबलावर पहिल्यांदा आठ हजारांचा आकडा पाहणारा मालक सही न करता उठून गेला, तर त्याला थोपवण्यासाठी तुमच्याकडे न्यायालयाशिवाय काही नसते, आणि एका फीसाठी क्लीव्हलँडच्या न्यायालयात जाणे परवडणारे नाही. हा धंदा तुम्ही न्यू जर्सीतील एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावाने करणार असाल आणि ती ओहायोत नोंदवलेली नसेल, तर तिथे दावा दाखल करण्यात ती आणखी एक अडचण.

माझे मत विचाराल, तर राज्ये वाढवण्याऐवजी क्लीव्हलँड ज्यात येते ती कायाहोगा ही एकच काउंटी (जिल्हा) धरा. तिच्या मालकीच्या आणि कराच्या नोंदी ऑनलाइन पाहता येतात. असाइनमेंट हाताळणारी टायटल कंपनी आधी शोधा, कारण सगळ्या कंपन्या ते करत नाहीत. आणि त्या कंपनीने सुचवलेल्या ओहायोतील वकिलाकडून खरेदी-करार व असाइनमेंटचा कागद असे दोन्ही एकदाच नीट लिहून घ्या. त्याची फी सेमिनारच्या फीपेक्षा फार जास्त असेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : आम्ही फ्रिस्को, टेक्सास येथे राहतो. माझा व्हिसा एच-वन-बी आहे. पत्नी एच-फोरवर आहे आणि तिच्याकडे काम करण्याची परवानगी, म्हणजे ईएडी आहे. एलएलसी तिच्या नावाने काढून, फोन आणि वाटाघाटी मी केल्या तर चालेल का? पैसे मी घेणार नाही.

उत्तर : चालेल असे मी म्हणणार नाही. एच-वन-बीवर असलेल्या व्यक्तीला ज्या नोकरी देणाऱ्याने अर्ज केला त्याच्याकडेच काम करता येते. घर विकत घेऊन भाड्याने देणे ही गुंतवणूक मानली जाते आणि ती अनेक जण करतात; पण मालक शोधणे, भाव ठरवणे, करार लिहिणे आणि तो विकणे हे सरळसरळ काम आहे. मोबदला घेतला नाही म्हणून काम हे काम राहत नाही असे नाही, विशेषतः ज्या धंद्याचा नफा तुमच्याच घरात येतो त्याच्या बाबतीत. नियमितपणे मिळणारी असाइनमेंट फी करविवरणात भाड्यासारखी बसत नाही, ती धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावी लागते आणि तिच्यावर स्वयंरोजगाराचा करही सहसा लागतो. संयुक्त विवरण भरत असाल तर ती नोंद पुढे ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये वाचली जाणारच. तुमच्या पत्नीला, ईएडी चालू आहे तोवर, हा धंदा स्वतः करता येईल. मात्र तो खरोखर त्यांनीच करावा, आणि ईएडीच्या नूतनीकरणात खंड पडला तर त्या काळात थांबावे. हा मजकूर दिशा दाखवण्यापुरता आहे. पहिला फोन लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. दुसऱ्या राज्यातील घरे धरली म्हणून यातले काही बदलत नाही, कारण काम तुम्ही जिथे बसून करता तिथेच होते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त अमेरिकेत होतो तेव्हा पिट्सबर्गजवळ घेतलेले घर अजून माझ्या नावावर आहे. आता मी पुण्यात स्थायिक आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका एलएलसीने फोन केला, ईमेलने करार पाठवला आणि मी ऑनलाइन सही केली. करारात खरेदीदार ‘अथवा असाइन्स’ असे होते, त्याकडे लक्ष गेले नाही. आता तिथले शेजारी कळवतात की माझ्या घराची छायाचित्रे माझ्या किमतीपेक्षा 30 हजार डॉलर जास्त किंमत लावून फिरत आहेत. हे नुसते साठेखत आहे, खरेदीखत झालेले नाही, तेव्हा दुर्लक्ष केले तर चालणार नाही का?

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत मुदत टळली असती, म्हणून पत्रलेखकांना मुख्य मुद्दा आधीच कळवला होता. इतर वाचकांसाठी तो असा. पेनसिल्व्हेनियाच्या वर उल्लेखिलेल्या कायद्याप्रमाणे होलसेलरशी केलेला करार मालकाला सहीनंतरच्या तिसाव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत, किंवा मालकी हस्तांतरित होईपर्यंत, यांतील जे आधी घडेल तोवर, रद्द करता येतो. हक्क वापरायचा असेल तर लेखी, तारखेसह, पोचीचा पुरावा राहील अशा रीतीने कळवावे, आणि करारात रद्द करण्याची पद्धत दिली असेल तर तीही पाळावी. समोरच्या एलएलसीकडे त्या राज्याचा परवाना आहे का, तेही राज्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. नसेल तर तुमच्या वकिलाचे काम बरेच सोपे होते. ऑनलाइन सही म्हणून करार कच्चा, असा युक्तिवाद मात्र करू नका, कारण 2000 च्या केंद्रीय कायद्याने अशा सहीला मान्यता दिलेली आहे.

दुर्लक्ष करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, आणि साठेखत मोडले तर विसार बुडेल, फार तर दावा होईल, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील न्यायालये याच टप्प्यावर खरेदीदाराला समन्यायी हितसंबंध, म्हणजे मालकी नावावर होण्याआधीच त्या घरात न्यायालय मानते असा हक्क, मिळाला असे मानतात. होलसेलर विकतो तो हाच हितसंबंध. त्याच्या आधारे तो कराराची अंमलबजावणी मागू शकतो, आणि कराराचा गोषवारा काउंटीच्या दप्तरात नोंदवून ठेवला, तर दुसरा कोणी ते घर घ्यायला आला की टायटल कंपनी ती नोंद निघेपर्यंत पुढे जात नाही. म्हणून रद्द केल्यावरही पिट्सबर्ग ज्यात येते त्या ॲलेघेनी काउंटीच्या नोंदी तपासा, आणि अशी नोंद सापडली तर ती मागे घेतल्याचा कागद एलएलसीकडून घ्या.

किंमत 30 हजारांनी जास्त लावली एवढ्यावरून फसवणूक झाली असे होत नाही; मागितलेली किंमत मिळतेच असे नाही. पण पुन्हा विकायचे ठरवाल, तेव्हा आधी स्थानिक रिअल्टरकडून भावाचा अंदाज घ्या. आणि करार कोणाशीही केला, तरी तुमच्या बाबतीत एक मुद्दा आहे जो या तयार नमुन्यांत हमखास नसतो. तुम्ही आता अमेरिकेचे कर-निवासी नसाल, तर खरेदीदाराला विक्रीच्या रकमेच्या 15 टक्के कापून अमेरिकन कर खात्याकडे भरावे लागतात. घर 3 लाख डॉलरपर्यंतचे असेल आणि खरेदीदार स्वतः राहायला घेत असेल तर कपात टळते, पण होलसेलरचा शेवटचा खरेदीदार सहसा गुंतवणूकदार असतो, त्यामुळे ती सवलत तुमच्या कामी येत नाही. कपात विक्रीच्या पूर्ण रकमेवर असते, नफ्यावर नसते. प्रत्यक्ष कर त्याहून कमी निघणार असेल, तर क्लोजिंगपूर्वीच कमी कपातीच्या दाखल्यासाठी अर्ज करता येतो. करार एकाच्या नावे असून पैसे देणारा दुसराच निघाला, की ही कपात कोणी करायची यावरून क्लोजिंगच्या दिवशी गोंधळ होतो, म्हणून ते करारात आधी लिहून घ्यावे. विक्रीखतावर पुण्यातून सही करायची असल्यास मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात नोटरी करून घेता येते, किंवा भारतीय नोटरी आणि त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणन) हा मार्ग आहे. टायटल कंपनी दोहोंपैकी काय स्वीकारते, ते तिला आधी विचारा. भारतात परतल्यानंतरही ते घर बाळगायला परकीय चलन कायद्याची आडकाठी नाही, कारण ते तुम्ही अनिवासी असताना घेतलेले आहे. विक्रीचा नफा मात्र भारतातील विवरणात दाखवावा लागेल आणि अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मागावी लागेल.

प्रश्न : ओहायोतील एका घराचा माझ्याकडे असाइन करता येण्याजोगा करार आहे. गुंतवणूकदार मिळाला नाही, पण एका तरुण जोडप्याला ते घर राहायला हवे आहे आणि ते एफएचए, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाचा विमा असलेले, कर्ज घेणार आहेत. करार त्यांच्या नावे करून देता येईल का?

उत्तर : नाही. एफएचएच्या विम्याखालील कर्जासाठी घर नोंदीवरील मालकाकडूनच घेतलेले असावे लागते, आणि त्या व्यवहारात विक्री-करार असाइन केलेला चालत नाही. तुम्ही आधी घर स्वतः विकत घेऊन लगेच त्यांना विकायचे ठरवले, तरी तुमच्या खरेदीपासून 90 दिवसांच्या आत केलेल्या पुनर्विक्रीला ते कर्ज मिळत नाही. त्यानंतर 180 दिवसांपर्यंत किंमत दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर दुसरे मूल्यांकन मागितले जाते. तयार करारात असाइनमेंटला मुभा असणे याचा येथे काही उपयोग नाही, कारण अडवणूक कर्जाच्या बाजूने आहे. हीच गोष्ट बँकेने जप्त केलेल्या घरांची : बँका आणि सरकारी गृहखाते आपलाच करार वापरतात आणि त्यात असाइनमेंटला बहुधा मनाईच असते, तेव्हा अशा घरांवर तुमचा नमुना काढूच नका.

तुमच्यापुढे दोन मार्ग उरतात. इन्स्पेक्शन पिरियड शिल्लक असेल तर लेखी कळवून करारातून बाहेर पडा आणि विसार परत घ्या; किंवा रोख खरेदीदार मिळवण्यासाठी मालकाकडे मुदतवाढ मागा. आणखी एक मार्ग तुमच्या मनात आला असेल : करार सोडून द्यायचा, जोडप्याला थेट मालकाकडे पाठवायचे आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणाकडून तरी काही रक्कम घ्यायची. त्या क्षणी तुमच्याकडे विकायला स्वतःचा हक्क उरलेला नसतो, आणि दोघांची गाठ घालून दिल्याबद्दल घेतलेली रक्कम ही दलाली ठरते, जिला ओहायोत परवाना लागतो.